धोंड्याखाली

मार्गशीर्ष लागला की रायगड जिल्ह्यातल्या पालीच्या आसपासचे ओढे बघण्यासारखे होतात. गढूळपणा गेलेला असतो, धार अजून टिकून असते आणि तळातला गोटा न् गोटा स्पष्ट दिसतो. सुधागडाच्या पायथ्याला, धोंडसे किंवा पाच्छापूरच्या बाजूला घोटाभर पाण्यात उतरावं, खळाळत्या जागेतला एखादा धोंडा अलगद उचलावा आणि त्याची खालची बाजू बघावी.

काही चपटे, मातकट जीव दगडाला घट्ट धरून बाजूला सरकतात. शेपटाला तीन दोरे असतील तर ते बहुधा मेफ्लायचं पिल्लू. दोनच दोरे असतील, प्रत्येक पायाला दोन नख्या असतील आणि पायांच्या मुळाशी कल्ल्यांचे केसाळ झुबके दिसले, तर ती स्टोनफ्लाय. मेफ्लायच्या पायाला नखी एकच असते, म्हणून शंका आली तर पाय बघावेत. शेजारी वाळूचे कण रेशमाने जोडून केलेली नळी असेल, तिच्यात कॅडिसफ्लायची अळी राहते.

जगात स्टोनफ्लायच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. दक्षिण भारतात आढळतात त्या प्रामुख्याने पर्लिडी कुळातल्या, आणि त्यांत निओपर्ला ही प्रजाती ठळक. पिल्लू पाण्यात महिनोन् महिने वाढतं, इतर किड्यांची पिल्लं खातं. पंख फुटल्यावरचं आयुष्य मात्र काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं.

या जिवाची सगळी भिस्त प्राणवायूवर. मेफ्लायची कित्येक पिल्लं कल्ले हलवून स्वतःभोवती पाणी खेळतं ठेवतात. स्टोनफ्लायला ते जमत नाही, तिला धारच लागते. धार मंदावली की ती पाय रोवून अंग खालीवर करू लागते, अगदी तालमीत जोर काढल्यासारखं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. वीस अंशांना लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसातच. पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडात स्टोनफ्लाय शोधण्यात अर्थ नाही. पण ओढ्याकाठची झाडं तोडून पाण्यावर ऊन पाडलं, तर त्याच दिशेने आपण ओढ्यालाही ढकलत असतो.

बाटलीत भरून नेलेला नमुना पाण्याचा तेवढ्या घटकेचा हाल सांगतो. रात्री कोणी ओढ्यात फवारणीचा डबा धुतला, तर सकाळपर्यंत ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. धोंड्याखालचं पिल्लू मात्र त्या रात्री तिथेच होतं. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत कोलक्विट्झ आणि मार्सन यांनी पाण्यातल्या जीवांवरून प्रदूषण ओळखण्याची पद्धत बांधली. ब्रिटनमध्ये 1976 साली नेमलेल्या गटाने कुळांना गुण दिले: पर्लिडीला दहा, डासांसारख्या दिसणाऱ्या चिरोनोमिड माश्यांच्या अळ्यांना दोन, चिखलातल्या गांडूळवर्गीयांना एक. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही अशी जैविक मोजणी स्वीकारली आहे. मला ती रासायनिक तपासणीइतकीच महत्त्वाची वाटते, आणि गावाला स्वतः करता येते म्हणून तर अधिकच.

आपले बहुतेक ओढे उन्हाळ्यात आटतात. मग हे जीव कुठे जातात? काही कोंडी-डोहांत तग धरतात, काही तळाच्या ओल्या खडीत खोल शिरतात, काहींची अंडी वाट बघत राहतात. पाऊस अनेकांना खाली वाहून नेतो. पंख फुटलेल्या माद्या उलट वरच्या अंगाला उडत जाऊन अंडी घालतात, असं स्वीडनमध्ये कार्ल म्युलर यांनी 1954 मध्ये मांडलं होतं. जुलै 1989 मध्ये आंबा नदीने जांभूळपाड्यात जो हाहाकार केला, तो सुधागड तालुक्यात अजून कोणी विसरलेलं नाही. असे पूर नदीचा तळ उलथून टाकतात. तरी वरचे ओहळ शाबूत असतील, तर तिथून खालचा तळ पुन्हा वसू शकतो.

ओहळच खरवडला तर मात्र हे थांबतं. नाला खोलीकरण आणि रुंदीकरण हे शब्द महाराष्ट्रात 2014 नंतर घरोघरी पोचले. त्यामागची तहान खरी आहे. धो धो पावसाच्या या भागातही वैशाखात वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन लांब चालतात. पण जेसीबीने धोंडे उपसून केलेल्या सपाट चरात पाणी खळाळत नाही, खाचा राहत नाहीत, आणि उघड्या काठांची माती तळावर बसते. आधी किडे जातात, मग त्यांच्यावर जगणारे मासे. पहिल्या पावसात मुठे, म्हणजे खेकडे, धरायला निघणाऱ्या कातकरी आणि ठाकूर कुटुंबांच्या हे सर्वांत आधी ध्यानात येईल. काम आखताना त्यांना विचारलं पाहिजे, आणि डोंगरउताराचे वरचे ओहळ यंत्रापासून पूर्ण वगळले पाहिजेत.

पालीच्या शाळांनी आपापला एक ओढा निवडावा. पांढरी ताटली, भिंग आणि मऊ कुंचला एवढं साहित्य पुरतं. मार्गशीर्षात एकदा आणि धार तुटण्याआधी एकदा, त्याच जागेवरचे तेच दहा धोंडे बघावेत, कोण सापडलं ते वहीत लिहावं आणि ती वही दरवर्षी नव्या वर्गाच्या हाती द्यावी. पुढे कधी ओढ्यात यंत्र उतरायची वेळ आली, तर ग्रामसभेत ठेवायला ती वही असेल.