देव लऊळास गेले



कूर्मदासाची कथा आपणांस नवी नाही. पैठणचा हा भक्त हातापायांनी पांगळा. पोटावर सरपटत पंढरीस निघाला. लऊळास येईतो एकादशी तोंडावर आली आणि अंगातले त्राण सरले. जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्याने निरोप धाडला, की मला येववत नाही, तेव्हा देवानेच यावे. परंपरा सांगते, की देव खरेच निघाले. ज्ञानदेव-नामदेवांस संगे घेतले, वाटेत अरणास सावतोबांना भेटले आणि लऊळास जाऊन कूर्मदासास पोटाशी धरले. ही कथा आम्ही कीर्तनात किती वेळा सांगितली असेल, गणती नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, आमचेही पाणावतात. पण "तू आधी रांगेत ये, मग दर्शन देतो" असे देव त्याला म्हणाले नाहीत, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

कशी आली ते सांगतो. त्यात आमची अब्रू जाते, ती जावो.

सन २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडची गावेच्या गावे पाण्यात गेली, लाखो माणसे घरदार सोडून बाहेर पडली. आमच्या दिंडीने धान्य, चादरी, भांडी जमविली आणि ट्रक भरून नदीकाठच्या एका गावच्या मंडळींसाठी नेली. ती सारी शाळेत उतरली होती. आम्ही शिस्त चोख ठेवली. रांग धरावी, माणशी एक वाटा, ज्याचा त्याने घ्यावा, दुसऱ्याच्या नावाने मागू नये. एक म्हातारी पुढे आली न् म्हणाली, "माउली, माझ्या लेकाचाबी वाटा द्या. त्येला चालता येत न्हाई." आम्ही म्हणालो, "मावशी, त्याला घेऊन या, मग देऊ." ती काही न बोलता गेली. ट्रक रिकामा झाला. आम्ही हात धुतले, विठुनामाचा गजर केला.

निघण्यापूर्वी सहज शाळेच्या माडीवर गेलो, तो तिचा लेक तेथे चटईवर पडलेला. तिशीतला गडी, कमरेखाली लुळा. पाणी चढले तेव्हा शेजाऱ्यांनी खांद्यावर घेऊन नावेत घातला. त्याची चाकाची खुर्ची मात्र जागा नाही म्हणून घरीच राहिली आणि पाण्यात गेली. पायखाना खाली, अंगणापलीकडे. दर वेळी उचलून न्या म्हणून सांगावयाचे कोणाला? म्हणून तो चार दिवस पाणीसुद्धा घोटघोटच पीत होता. आम्हांला पाहून त्याने हात जोडले, "रामकृष्णहरी" म्हणाला. आम्हांला प्रतिशब्द फुटेना.

दोन दिवसांनी त्याचा वाटा आणि उसनी मिळविलेली खुर्ची घेऊन परत गेलो. खुर्ची पाहून त्याने एवढेच विचारले, "ही पायखान्याच्या दारातनं आत जाती का?" गेली नाही. दाराची रुंदी मोजावी, हे आम्हां शहाण्यांपैकी एकालाही सुचले नव्हते. आधी त्यालाच विचारले असते तर?

मंडळी, हे कोणी दुष्टपणाने करीत नाही, आणि म्हणूनच ते कोणाला खुपत नाही. दवंडी फिरते ती ज्याला ऐकू येते त्याच्यासाठी. नाव थांबते ती जो काठापर्यंत धावेल त्याच्यासाठी. जपानसारखा सावध देश घ्या. ११ मार्च २०११ रोजी तेथे भूकंप होऊन समुद्र आत आला. त्या किनाऱ्यावरील गावांत अपंगांच्या मृत्यूचे प्रमाण एकंदर लोकांच्या सुमारे दुप्पट निघाले. आणि अपंग म्हणजे कोणी निराळीच माणसे, असेही समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून किल्लारीकडची गावे निजली होती. चार वाजण्याच्या सुमारास दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर आली. हजारो गेले, जे वाचले त्यांतले कितीएक रात्री धडधाकट निजलेले होते, ते पुन्हा पायांवर उभे राहिले नाहीत.

आता कायदाही झाला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचे आठवे कलम सांगते, की आपत्तीत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळाले पाहिजे. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अशा व्यक्तींची नोंद ठेवावयाची आहे आणि धोका दिसताच त्यांना कळेल अशा रीतीने कळवावयाचे आहे. म्हणजे त्या म्हातारीने आमच्याजवळ भीक मागितली नव्हती, तिच्या लेकाचा हक्क मागितला होता. तुमच्या गावातील किती जणांची अशी नोंद आहे, ग्रामपंचायतीत आणि तहसिलीत जाऊन विचारा. नसेल तर करवून घ्या.

पण सगळे सरकारवर टाकून आपण टाळ कुटीत बसावे, असे नाही. दिंडीला हे काम अवघड का वाटावे? मुक्कामी पोहोचल्यावर आपण माणसे मोजतो. एक कमी भरला तर कोणीतरी उलट पावली शोधायला जातोच. चोपदाराने दंड उंच केला की सारा समाज निःशब्द होतो. तो दंड बहिऱ्यालाही दिसतो! मग पुराचा इशारा नुसत्या भोंग्याने का द्यावा? उंच जागी निशाण लावा, बहिऱ्याच्या दारी माणूस धाडा, आंधळ्याला वाट हाताने दाखवून ठेवा, तीही पावसाळ्याआधी. नावेत माणूस घ्याल तेव्हा त्याची कुबडी, खुर्ची, कानाचे यंत्र, रोजचे औषध बरोबर घ्या. कुबडीला सामान समजू नये, तो त्याचा पाय आहे. उचलण्यापूर्वी कसे उचलू म्हणून विचारा; आपल्या अंगाचे त्याला आपल्याहून अधिक कळते. आणि वाटप करणाऱ्यांनी रांग संपली की पिशवी घेऊन शाळेच्या सगळ्या खोल्या फिराव्या.

त्या पुरानंतर आम्ही आमच्या गावी एक वही घातली. कोणाला चालवत नाही, कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, कोणाला धोका उमगत नाही, आणि वेळ आली तर प्रत्येकाकडे कोणी दोघांनी जावयाचे, हे घरोघर विचारून तीत लिहिले. पहिलेच नाव निघाले ते आमच्याच विणेकऱ्याच्या आईचे. ती माउली कित्येक वर्षे माडीवर अंथरुणाला खिळून होती, आणि दर एकादशीला आम्ही भजन करीत तिच्या खिडकीखालूनच पुढे जात होतो.