बघणं

आजी ७६व्या वर्षी स्केचिंग करायला लागली. एक पेन्सिल, कोरी वही आणि समोर बसायला आम्ही नातवंडं.

दिवाळीत माझा नंबर लागला. "हलू नकोस रे." वीस मिनिटांत माझा हात चारदा फोनकडे गेला. चित्रात नाक पार बिघडलेलं, पण डाव्या भुवईतली खूण बरोबर जागेवर. लहानपणी झोपाळ्यावरून पडलो होतो, तेव्हाची. मी स्वतःच ती विसरलो होतो.

माझ्या फोनमध्ये आजीचे शेकडो फोटो आहेत. त्या रात्री डोळे मिटून तिचा चेहरा आठवून पाहिला. चष्मा आठवला, चष्म्यामागचं काही आठवेना.

आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ लेखिकेच्या 'द सॉव्हरिन्टी ऑफ गुड' (१९७०) या पुस्तकात एक सासू आहे. सुनेशी ती नीट वागते, पण मनातून तिला सून उथळ वाटते. मग ती ठरवून सुनेकडे पुन्हा, नीट बघते. तीच सून आता मोकळी, आनंदी दिसू लागते. वागण्यात काहीच बदललेलं नसतं, तरी मर्डॉकच्या मते सासूने नैतिक काम केलेलं असतं.

मला हे पटत नव्हतं. प्रेम म्हणजे काहीतरी करणं, असं मी धरून चाललो होतो. आजीची औषधं मागवतो, रिचार्ज करतो, झालं की! पण आजीला आमचा जो आनंद होतो, तो आम्ही काही केल्याचा नसतोच. तो बघण्याचा असतो.

सकाळी म्हटलं, "आजी, आता तू बस."

चित्र भयंकर आलं. पण तिच्या उजव्या डोळ्याखाली बारीक तीळ आहे. मला २८व्या वर्षी कळलं.