‘नाहीतर’ या शब्दाविषयी

आमच्या शाळेत नववीला संगणकाचा तास असतो. माझा विषय संस्कृत. संगणकाशी माझे नाते पगारपत्रकापुरते. तरी गेल्या वर्षापासून सवड सापडली की मी त्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसतो. मुख्याध्यापक वर्गात बसले म्हणजे तपासणी, अशी मुलांची समजूत. पहिले काही दिवस ती अवघडली, मग मला विसरून गेली.

एके दिवशी पायथन नावाच्या भाषेत एक लहानसा प्रोग्रॅम चालला होता. आपण एक अक्षर टंकायचे आणि ते कॅपिटल की स्मॉल हे यंत्राने सांगायचे. त्यासाठी त्या भाषेत ‘इज-अपर’ नावाची तयार सोय आहे. तिला अक्षर दाखवले की ती ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. शिक्षकांनी फळ्यावर मांडणी करून दिली : इज-अपरने ‘हो’ म्हटले तर ‘कॅपिटल’ असे दाखव, नाहीतर ‘स्मॉल’ असे दाखव. मुलांनी ए, बी, क्यू, झेड अशी अक्षरे टंकून पाहिली. सगळी उत्तरे बरोबर आली.

मग खिडकीजवळच्या एका मुलीने कळफलक मराठीवर नेऊन ‘अ’ टंकला. पडद्यावर उमटले, ‘स्मॉल’.

“सर, आमचा अ लहान कधी झाला ओ?” तिने विचारले. वर्ग हसला. शेजारच्या मुलाने लगेच कन्नड ‘अ’ टंकला. त्यालाही तेच उत्तर. सीमाभागात दोन्ही भाषांना एकाच वेळी एकच न्याय मिळाल्याचे मी तरी प्रथमच पाहिले!

मुलीचा प्रश्न थट्टेचा होता, पण तो माझ्या डोक्यात राहिला. आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ आहे, जोडाक्षर आहे, अर्धे अक्षर आहे. लहान-मोठे अक्षर नाही. ‘पाटी’ आणि ‘पाटील’ एकाच ‘पा’ने सुरू होतात. माणसाच्या नावाला आणि भांड्याच्या नावाला आपण सारखीच अक्षरे देतो. यात तोटाही आहे. ‘आशा परतली’ असे वाक्य वाचले तर मुलगी घरी आली की मनाला उभारी आली, हे मागचे-पुढचे वाचल्याशिवाय कळत नाही. इंग्रजीत असा शब्द वाक्याच्या मध्ये आला तर ते पहिल्या अक्षरातच कळते. तेव्हा कॅपिटल अक्षर निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. ‘अपरकेस’ आणि ‘लोअरकेस’ हे शब्द आले तेही छापखान्यातून. जुळाऱ्यासमोर खिळ्यांच्या दोन पेट्या असत, वरच्या पेटीत मोठी अक्षरे आणि खालच्या पेटीत लहान. म्हणजे हा भेद उच्चाराचा नव्हे, अर्थाचाही नव्हे. हात कुठे न्यायचा याचा.

संगणकात तो आकड्यांत आला. आस्की नावाच्या अमेरिकन संकेतप्रणालीत मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, लहान ‘ए’चा ९७, प्रत्येक जोडीत अंतर नेमके ३२. गंमत अशी की, १९६३ साली ही प्रणाली प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा तीत लहान अक्षरे नव्हतीच. ती १९६७च्या आवृत्तीत आली. मधली चार वर्षे तिच्यातले प्रत्येक अक्षर मोठे होते. पण लहान कोणी नसताना मोठे तरी कशाला म्हणावे?

पुढे युनिकोड आला आणि जगातल्या लिप्या एका सारणीत बसवण्यात आल्या. तीत प्रत्येक चिन्हाला वर्ग दिलेला आहे : मोठे अक्षर, लहान अक्षर वगैरे. आपला ‘अ’ ज्या वर्गात आहे, त्याचे नाव ‘इतर अक्षर’. कन्नड ‘अ’ तिथेच. तमिळ, अरबी, हिब्रू आणि चिनी अक्षरेही तिथेच. नाव ‘इतर’ खरे. पण मोठी आणि लहान अक्षरे मिळून पाच हजारही भरत नाहीत आणि ‘इतर’ लाखाहून अधिक आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यंत्र खोटे बोलले का? मुळीच नाही. ‘अ’ मोठे अक्षर आहे का, या प्रश्नाला त्याने ‘नाही’ असे अगदी खरे उत्तर दिले. ‘इज-लोअर’ नावाची दुसरी सोय आहे. तिला विचारले असते तर तिनेही ‘नाही’च म्हटले असते. ‘स्मॉल’ हा शब्द यंत्राचा नव्हताच. तो आम्ही ‘नाहीतर’च्या पुढे लिहून ठेवला होता.

आपल्या व्याकरणकारांनी आणि मीमांसकांनी नकाराचे दोन प्रकार मानले आहेत, पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध. नावे अवघड, गोष्ट सोपी. प्रसज्यप्रतिषेधात नकार क्रियेला चिकटतो : ‘हा मराठी नाही.’ जे नाही ते सांगितले, जे आहे त्याबद्दल मौन. पर्युदासात नकार नामाला चिकटतो आणि त्याच्यासारखे दुसरे काहीतरी पुढे करतो : ‘हा अमराठी आहे.’ फणसाच्या झाडाला कोणी अमराठी म्हणत नाही, माणसालाच म्हणतात. अब्राह्मणाला आण असे सांगितले तर कोणी मातीचे ढेकूळ आणून देत नाही, माणूसच आणतो, असे पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे ते याच अर्थाने. आणि आमच्या भागात तर ‘अमराठी’ म्हटले की डोळ्यांपुढे एकच भाषा उभी राहते, जगातल्या बाकीच्या हजारो नव्हेत.

यंत्राने पहिल्या प्रकारचा नकार दिला, आम्ही तो दुसऱ्या प्रकारचा म्हणून वाचला. ‘मोठे आहे किंवा मोठे नाही’ हे प्रत्येक अक्षराबद्दल खरेच आहे. तर्कशास्त्राला त्याने धक्का लागत नाही. पण ‘मोठे नाही’पासून ‘लहान आहे’पर्यंतची उडी तर्काची नसते. ती सवयीची असते. ज्याने आयुष्यभर दोनच पेट्या पाहिल्या, त्याला एका पेटीत नसलेली वस्तू दुसऱ्या पेटीत असणारच असे वाटते. यात त्याचा दुष्टावा नसतो. म्हणूनच ही चूक पकडायला कठीण. ए, बी, क्यू, झेड टंकून पाहिले तर ती कधीच सापडत नाही.

शिक्षकांनी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आधी इज-अपर, मग इज-लोअर, आणि दोन्ही ‘नाही’ म्हणाले तर तिसरी ओळ. त्या ओळीत काय दाखवायचे यावर वर्गात वाद झाला. एक म्हणाला ‘चूक’, दुसरा म्हणाला ‘इतर’. ती मुलगी म्हणाली, “दोन्ही नाही, असं दाखवा की.” तेच ठरले.

त्याच तासाला आणखी एक गोष्ट कळली. मोठा ‘ए’ आणि मराठी ‘अ’ शेजारी शेजारी टंकून त्या जोडीला इज-अपर लावले, तर उत्तर ‘हो’ येते. म्हणजे सगळे मोठे! नियमच तसा आहे. ज्यांना लहान-मोठेपण आहे तेवढीच अक्षरे मोजायची, आणि त्यांतले एक तरी हजर हवे. ‘अ’ तिथे असतो, पण मोजला जात नाही, आणि निर्णय मात्र त्याला धरून सांगितला जातो. हा नियम सोयीचा आहे. अंकांना आणि विरामचिन्हांनाही तो असाच लागतो. तरी ते उत्तर पाहून मला जरा चुटपुट लागली. अनेक सभांत मी असा ‘अ’ होऊन बसलेलो आहे.

हे इतके लांबवण्याचे कारण निराळे आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो तेव्हा, एक मुलगा प्रवेशाला आला. बरोबर चुलता होता. जनरल रजिस्टरात ‘मातृभाषा’ असा रकाना असतो. मी मुलाला विचारले, “घरी कन्नड बोलता काय रे?” मुलगा गप्प राहिला. वडिलांचे आडनाव मराठी होते. मी ‘मराठी’ लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. १९५६ पासून ज्या प्रदेशाचे भवितव्य असल्याच रकान्यांच्या बेरजेवर तोलले गेले आहे, तिथे असा एक शब्द लिहिताना माझ्या मनात थोडी खुशीही होती. ती लपवण्यात आता अर्थ नाही.

दहावीनंतर त्याची आई दाखला न्यायला आली. दाखला वाचून तिने विचारले, “हे कुणी लिहिलं, सर?”

“मी.”

“पोरगं काय म्हणालं होतं?”

“काहीच म्हणालं नव्हतं.”

“मग मला विचारायचं की ओ. मी त्याच्याशी जन्मापासनं कन्नड बोलते. बापाशी तो मराठी बोलतो. माझ्या भाषेचं नाव मातृभाषा, आणि तिथं मीच नाही.”

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपे गेले असते. काय लिहू, असे मी विचारले. थोडा विचार करून ती म्हणाली, “दोन्ही लिवा.” रकाना एका शब्दाचा होता आणि दाखल्याची नक्कल रजिस्टराप्रमाणेच द्यावी लागते. ती दाखला घेऊन गेली.

रकानाच नको, असे मला म्हणता येणार नाही. पोराला कोणत्या भाषेत शिकवायचे हे शाळेला कळायलाच हवे, आणि आपली भाषा कागदावर राहावी म्हणून या भागातल्या माणसांनी काय सोसले आहे ते मी जाणतो. पण त्या दिवशी मी विचारला तो प्रश्न कन्नडचा होता, आणि लिहिले ते उत्तर मराठीचे. मुलाचे मौन म्हणजे ‘नाही’ असे मी धरले, आणि ‘नाही’ म्हणजे ‘मराठी’.

आता प्रवेशाच्या दिवसांत मी तो रकाना शेवटी ठेवतो. आधी आईला विचारतो, मग बापाला, मग मुलाला. हातच्या रजिस्टरात दोन भाषा सांगितल्या तर दोन लिहितो. संगणकावरच्या यादीत मात्र एकच निवडता येते. तेव्हा मी खुर्चीवरून उठतो, त्यांना बसवतो, माऊस त्यांच्या हाती देतो आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.