शॉकअप आतून बघ

चि. बाळास,


रिमोटच्या दोन गाड्यांचे फोटो पाहिले. कुठल्या गाडीचे शॉकअप चांगले, असं विचारलंस. सोनेरी नळ्यांवर जाऊ नकोस. आत तेल आहे का, हे आधी बघ.

स्प्रिंग धक्का पोटात घेते, पण तो लगेच परतही करते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी म्हणूनच उड्या मारत सुटते. तामिया या रिमोटच्या गाड्यांच्या कंपनीने १९८४ साली ग्रासहॉपर आणि हॉर्नेट अशा दोन गाड्या काढल्या. घडण बरीचशी सारखी, पण हॉर्नेटला मागे तेलाचे शॉकअप दिले. तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून रेटलं जातं, धक्क्याचा जोर तिथे जिरतो आणि चाक जमिनीला धरून राहतं.

आता आपली जमीन घे. उन्हाळ्यात परभणीच्या जिंतूर रोडच्या बाजूचं काळं रान भेगाळलेलं असतं, जिकडेतिकडे ढेकळं. बारीक भोकांचा पिस्टन असेल तर जोराचा आदळा बसताच तेलाला निसटायला वेळ मिळत नाही, शॉकअप दगडासारखा कडक होतो आणि गाडी उधळते. इथे मोठ्या भोकांचा पिस्टन आणि थोडं जाड तेल हीच जोडी माझ्या मते बरी. गुळगुळीत ट्रॅकवर उंच उड्या घेणाऱ्यांचं गणित वेगळं, ते तुझ्या कामाचं नाही.

पिस्टनची दांडी आत शिरली की तिला जागा लागते. तेल दबत नाही, म्हणून आत थोडी हवा ठेवावीच लागते. काही शॉकअपमध्ये ही हवा तेलातच मिसळते, तर काहींत रबराचा पातळ पडदा ती वेगळी ठेवतो. पल्सर मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपला चिकटलेला छोटा डबा पाहिलायस ना? त्यात नायट्रोजन असतो, कामही असंच. पडद्याचा शॉकअप पहिल्या फेरीपासून एकसारखा चालतो, पण तो पडदा जुना झाला की बदलावा लागतो. तू बिनपडद्याचाच घे. त्यात फाटायला काही नाही, फक्त गाडी सोडण्याआधी चारही कोपरे दाबून तेल-हवा मिसळून घे.

परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो आणि सिलिकॉनचं तेल पातळ होतं. थंडीत ३० वेट (वेट म्हणजे तेलाच्या जाडीचा आकडा) चालत असेल तर उन्हाळ्यात ४० भर. एकाच कंपनीच्या बाटल्या वापर, कारण दुसऱ्या कंपनीचं ३५ वेगळ्याच जाडीचं निघू शकतं. तेल भरल्यावर दांडी हळूहळू वरखाली कर, बुडबुडे पुरते वर येऊ दे, मगच टोपण लाव.

काळ्या मातीची धूळ दांडीला चिकटते आणि सील खाते. खेळून आलास की दांडी कोरड्या फडक्याने पूस. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचार, या शॉकअपच्या ओ-रिंग, म्हणजे सीलच्या रबरी कड्या, सुट्या मिळतात का? नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघ.

तुझे
आजोबा