पाहुण्याने पाणी नाकारावे काय?



आपली शिकलेली मुले-मुली आता सुट्टीत आदिवासी गावांत जाऊन राहू लागली आहेत. कोणी मुलांना शिकवायला जातो, कोणी आरोग्याच्या कामाला. दहा-पंधरा दिवस एखाद्या कुटुंबातच मुक्काम करायचा, त्यांच्यातच जेवायचे आणि जमेल ते काम करायचे. उद्या तुमच्या घरातूनही कोणी जाईल. पिशवीत काय भरावे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला एका लोट्याबद्दल बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी मेळघाटात एका कोरकू घरी राहिलो. मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके, सातपुड्याचा डोंगराळ मुलूख. 1993 साली तेथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. कोरकूंचे गाव पाहण्यासारखे असते. मध्ये सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे, हिंदीच्याही नव्हे. तिचे नाते दूर झारखंडातील मुंडारी-संथाळीशी आहे. तेव्हा घरच्या म्हातारीशी माझे बोलणे व्हायचे ते तिच्या नातवाच्या हिंदीतून.

मी ओसरीवर टेकलो तोच म्हातारीने पाण्याचा लोटा पुढे केला. मी हात जोडून "नको, माय" म्हटले आणि पिशवीतली बाटली काढून पाणी प्यालो. मनात वाईट काहीच नव्हते. पावसाळ्यात गढूळ पाणी विहिरीत उतरते, हगवण लागते. तू आजारी पडलास तर त्यांच्यावरच ओझे होशील, असे निघताना मला बजावले होते. ते खरेही होते. म्हातारी काही बोलली नाही. लोटा उचलून तिने आत नेऊन ठेवला. रात्री नातवाने विचारले, "हमारे घर का पानी आप लोग नहीं पीते क्या?"

आप लोग! त्या दोन शब्दांनी माझी झोप उडाली. माझ्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी ओतत. ती हे सांगे तेव्हा आवाज चढवीत नसे, फक्त ओंजळ करून दाखवी. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले ते तहान भागवण्यासाठी नव्हे, हे आपल्यातले लहान पोरही सांगेल. त्या आजीचा नातू मी, आणि एका म्हातारीचा लोटा परत पाठवून स्वस्थ बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, यात तुलना कसली? त्यांनी विटाळ मानून पाणी नाकारले, तुम्ही रोगाच्या भीतीने. हेतूत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि भगवान बुद्धांनी तर चेतनेलाच कर्म म्हटले आहे. हा युक्तिवाद त्या रात्री मीही स्वतःशी केला. समाधान झाले नाही. कारण हेतू माझ्या मनात होता. म्हातारीला दिसला तो मागे फिरलेला लोटा. विटाळाने नाकारलेला लोटा आणि जंतूंच्या भीतीने नाकारलेला लोटा, देणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. ज्यांना शहराने जन्मभर 'जंगली' म्हणून हिणवले, त्यांनी आपल्या वागण्याचा चांगलाच अर्थ काढावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

चुंद लोहाराची कथा आठवा. त्याच्या घरच्या भोजनानंतर तथागतांचे दुखणे बळावले. देह सुटायची वेळ आली असताना त्यांनी आनंदाला सांगून ठेवले, की चुंदाच्या मनात पश्चात्ताप राहता कामा नये. ज्ञानप्राप्तीपूर्वीच्या भोजनाइतकेच हे भोजनही मोलाचे आहे. चुंदाचा हेतू शुद्धच होता. तेवढ्यावर तथागतांनी विषय सोडला नाही. यजमानाच्या मनाला काय वाटेल, याची काळजी त्या अवस्थेतही पाहुण्यानेच वाहिली.

मग काय, दूषित पाणी पिऊन आजारी पडावे? मुळीच नाही. असल्या भाबडेपणाला धम्मात जागा नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन असते. पाण्यातील जीव मरू नयेत म्हणून ते आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भिक्खू पाणी गाळतो, घर गाळत नाही.

सकाळी मी नातवाला घेऊन म्हातारीजवळ बसलो आणि खरे ते सांगितले. भीती पाण्याची आहे, तुमच्या घराची नाही. मग तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यात पाणी उकळले. लाकडे मी फोडली, फार वाईट फोडली, आणि सारे घर पोट धरून हसले. पाणी निवल्यावर पहिला लोटा तिने मला दिला. तो मी तिच्यासमोर प्यालो. त्यानंतर मी जे बोललो ते तिने ऐकून घेतले: धाकट्या नातीलाही हेच उकळलेले पाणी द्यावे, जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे आणि दवाखाना गाठावा. आदल्या दिवशी हेच मी हातात बाटली धरून सांगितले असते, तर तिने का ऐकावे?

एक कबुली देतो. आपल्याला पिढ्यान् पिढ्या घेणाऱ्याच्या जागी बसवले गेले. आता शिकलो, पगार हाती आले, आणि आपणही कोणाला काही देतो याची गोडी लागली. ही गोडी फसवी आहे. मी दहा दिवसांत त्या घराला काय दिले ते तुम्ही वाचलेच. घेतले ते मात्र पुष्कळ. भाकर त्यांची, कुटकीचा भात त्यांचा, आणि घरातली एकुलती खाट मला देऊन नातू खाली झोपे. तेव्हा जाणाऱ्याने आपल्या शिध्याचे आधीच ठरवून, उघडपणे द्यावे. निघताना हातात नोट कोंबणे वाईट.

शिकवायलाच चाललो या भ्रमातही राहू नये. मेळघाटच्याच पायथ्याच्या पायविहीर गावाने 2006 च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, उजाड डोंगरावर झाडे वाढवली आणि सीताफळांतून रोजगार उभा केला. मदत बाहेरच्यांची होती, पण निर्णय ग्रामसभेचे होते.

दारू पुढे आली तर? मी नाहीच म्हटले. पाचवे शील घेतले आहे एवढे सांगितले. कोणाला राग आला नाही. नकाराचे कारण सांगितले की माणसे समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

निघताना म्हातारीने वाळवलेल्या मोहाच्या फुलांची पुडी बांधून दिली. पुन्हा "नको" ओठांवर आलेच होते, पण मोह केवळ दारूसाठी नसतो, तो खातातही, हे एव्हाना ठाऊक झाले होते. घरी आल्यावर आईने पुडी उघडली आणि विचारले, "हे शिजवायचे कसे रे?" मला सांगता येईना. दहा दिवस त्या चुलीजवळ बसून तेवढे विचारायचे राहून गेले होते.