अणीमांडव्याची मर्यादा

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषींची कथा आहे. चोरीचा नसता आळ येऊन सुळावर चढवल्या गेलेल्या या तपस्व्याने, आपल्या कोणत्या कर्माचे हे फळ, असा जाब यमधर्माला विचारला, तेव्हा बालपणी पतंगांच्या शेपटीत तू गवताची काडी खुपसली होतीस, असे उत्तर त्याला मिळाले. आणि अजाण वयातील अपराधाला एवढे घोर शासन करणाऱ्या प्रत्यक्ष धर्मालाच मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप देऊन ऋषींनी मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पातक कोणास लागणार नाही.

२००३ च्या केंद्रीय कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती कोणासही विकण्यास मनाई केली, तीत मला हाच विवेक दिसतो. कारण दंड विक्रेत्याला आहे, मुलाला नाही. यावर कोणी म्हणेल की कठोपनिषदातील नचिकेतही कुमारच होता, तरी श्रेय आणि प्रेय यांतील निवड त्याने स्वतःच केली. आक्षेप वजनदार आहे. परंतु यमाने पुढे केलेली प्रलोभने नाकारण्याची त्याची शक्ती अखेरपर्यंत अबाधित होती. तंबाखूतील निकोटीन मात्र आजच्या स्वीकारातच उद्याच्या नकाराचे बळ हिरावू लागते, आणि ज्या निवडीने निवडणाराच पराधीन होतो, तिला स्वातंत्र्याचे नाव देणे मला मान्य नाही.

मग मुलाला न लागलेले पातक जाते कोठे? ते वडीलधाऱ्यांच्या माथी येते, असे माझे मत आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही केवळ विकणाऱ्यास नव्हे, तर बालकाला तंबाखू देणाऱ्या कोणासही सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. अंमलदार शाळेच्या कुंपणापासून फीत धरून अंतर मोजील, टपरी हलवील, दुकानावर फलकही लावून घेईल. घराच्या उंबरठ्यापासून मात्र कोणी मोजीत नाही. तेथून आजीच्या मिश्रीची तंबाखू किंवा वडिलांची विडी आणायला घरातले सर्वांत लहान पोरच पिटाळले जाते, आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी घे, असेही त्याला मायेने सांगितले जाते.