तांब्याचा हिशेब

सेरुलोप्लाझ्मिनची तपासणी डॉक्टर रोज लिहून देत नाहीत. लिहून दिलीच, तर चाळीसगावसारख्या तालुक्याच्या गावी सहसा फक्त रक्त घेतलं जातं. सीरम थंड डब्यातून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातं आणि काही दिवसांनी रिपोर्ट मोबाइलवर येतो. एक आकडा, आणि शेजारी मर्यादा छापलेली : दर डेसिलिटरला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम. मुलाचा आकडा ८ किंवा ९ आला की घरात हिशेब मांडला जातो. हे रक्तात तांबं बाळगणारं प्रथिन, ते कमी, म्हणजे पोराच्या अंगात तांबं कमी. मग कुणीतरी वडीलधारं सांगतंच, रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवा आणि सकाळी अनशापोटी पाजा.

हा सल्ला नेमका उलटा आहे. इतका कमी आकडा आला की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय येतो तो विल्सन आजाराचा, आणि त्या आजारात यकृतात नि मेंदूत तांबं साचत गेलेलं असतं. अंगात तांब्याचा ढीग आणि रिपोर्टमध्ये तुटवडा, हे एकाच वेळी खरं कसं असेल? कारण या तपासणीत तांबं कुणी मोजलेलंच नसतं.

मोजलेलं असतं ते प्रथिन, आणि तेही प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटीबॉडींच्या मदतीने. साप चावल्यावर जी लस टोचतात ती घोड्याच्या रक्तापासून बनते, हे शेतात राबणाऱ्या बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मुंबईची हाफकिन संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे. घोड्याला विष थोडं थोडं टोचत गेलं की त्याचं रक्त त्या विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडं तयार करतं. प्रयोगशाळेतली प्रतिपिंडं याच वाटेने येतात, फक्त विषाच्या जागी माणसाच्या रक्तातून शुद्ध केलेलं सेरुलोप्लाझ्मिन असतं आणि घोड्याच्या जागी बहुधा शेळी किंवा ससा. शेळीच्या अंगात तिचं स्वतःचं सेरुलोप्लाझ्मिन असतंच. पण माणसाचं थोडं वेगळं, आणि जिथे जिथे ते वेगळं तिथे तिथे तिचं शरीर त्याला परकं ठरवतं. एकाच शेळीच्या रक्तात त्यामुळे अनेक तऱ्हांची प्रतिपिंडं असतात, कुणी प्रथिनाचा हा कोपरा धरतं, कुणी तो. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच कोपऱ्याला धरणारी, एकसारखी प्रतिपिंडं पेशींकडून हवी तितकी बनवून घेण्याची युक्ती काढली. त्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं.

यंत्रात घडतं ते फार साधं आहे. पेशंटचं पातळ केलेलं सीरम बोटभर पारदर्शक नळीत असतं, त्यात प्रतिपिंडांचं द्रावण पडतं. प्रतिपिंडाला दोन हात असतात. एका हाताने हे प्रथिन, दुसऱ्याने ते, अशी जाळी विणली जाते आणि स्वच्छ द्रावणात हलका गढूळपणा येतो. त्यातून प्रकाश सोडायचा, किती विखुरला किंवा किती अडला ते पाहायचं, आणि ओळखीच्या, म्हणजे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या, सीरमशी ताडून आकडा काढायचा.

आता खरी गोम. सेरुलोप्लाझ्मिन १०४६ अमिनो आम्लांचं बनलेलं असतं, आणि तांब्याचे ६ अणू त्याच्या घडीत आत बसलेले असतात. प्रतिपिंड धरतं ते बाहेरचं अंग. आत तांबं आहे की नाही याची विचारपूस ते बहुधा करत नाही. म्हणजे ही तपासणी पाणवठ्यावरचे हंडे मोजते. भरलेले किती, रिकामे किती, ते सांगत नाही.

मग विल्सनच्या पेशंटमध्ये हंडेच कमी का निघतात? यकृत तर प्रथिन बनवतच असतं. बिघाड असतो एटीपी७बी नावाच्या वाहक प्रथिनात, ज्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. तांबं उचलून सेरुलोप्लाझ्मिनमध्ये बसवायचं आणि जास्तीचं पित्तावाटे बाहेर काढायचं, ही दोन्ही कामं त्याचीच. ते बिघडलं की तांबं यकृतातच अडकतं आणि प्रथिन रिकामंच रक्तात उतरतं. तांबं बसलेलं सेरुलोप्लाझ्मिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे पाच दिवस लागतात. रिकामं काही तासांतच मोडतं. आकडा पडतो तो या मोडतोडीमुळे. प्रतिपिंडांची तपासणी इथे उपयोगी पडते ती आडवाटेने : ती रिकामेपणा पाहत नाही, रिकाम्या प्रथिनाचं अल्पायुष्य पाहते.

आणि जे अजून मोडलेलं नाही ते रिकामं प्रथिनही ती मोजून घेते. यातून होणारा घोटाळा आकड्यांतच पाहावा. १ मिलिग्रॅम पूर्ण भरलेल्या सेरुलोप्लाझ्मिनमध्ये सुमारे ३.१५ मायक्रोग्रॅम तांबं असतं. रक्तातल्या एकूण तांब्यातून एवढं वजा केलं की मोकळं, म्हणजे घातक तांबं कळतं, असं सूत्र वापरतात. समजा, एकूण तांबं ६० मायक्रोग्रॅम आणि सेरुलोप्लाझ्मिन २० मिलिग्रॅम. २० गुणिले ३.१५ म्हणजे ६३. उत्तर उणे ३. रक्तात उणे तांबं! असली उत्तरं प्रत्यक्षात पुष्कळदा येतात, कारण सूत्र धरून चालतं की प्रत्येक रेणू भरलेला आहे.

भरलेलं तेवढंच मोजायची रीत नाही असं नाही. तांबं असलेलं सेरुलोप्लाझ्मिन ऑक्सिडीकरण घडवतं, रिकामं ते करू शकत नाही. सीरममध्ये ऑर्थो-डायअनिसिडिन घालून ठेवलं की या क्रियेने रंग चढत जातो. जितका रंग तितकं कामाचं प्रथिन. गंमत म्हणजे दोन्ही वाटांवर एकच माणूस भेटतो. स्वीडनच्या कार्ल-बर्टिल लॉरेल यांनी होल्मबर्ग यांच्यासोबत १९४८ मध्ये हे निळं प्रथिन रक्तातून वेगळं काढलं, पुढे त्याची ऑक्सिडीकरणाची शक्ती दाखवली, आणि १९६६ मध्ये प्रतिपिंडं मिसळलेल्या जेलमध्ये विजेच्या ओढीने प्रथिनं मोजायची ‘रॉकेट’ पद्धतही त्यांनीच दिली. मोठ्या प्रयोगशाळांत अखेर प्रतिपिंडांचीच वाट रुळली, कारण ती यंत्रावर भराभर होते. माझ्या मते सोयीने इथे नेमकेपणावर मात केली. जपानमध्ये १९९० च्या दशकात तांबं बसलेलं सेरुलोप्लाझ्मिनच ओळखणारं प्रतिपिंड वापरून मुलांमधला आजार लवकर पकडायचे प्रयत्न झाले, पण सर्वत्र चालते ती जुनीच तऱ्हा.

कुणाचं प्रतिपिंड, कुणाचं ओळखीचं सीरम, यावरही आकडा हलतो. १९९३ मध्ये युरोपात सीआरएम ४७० हे सर्वांसाठी एक संदर्भ-सीरम ठरवलं गेलं, त्यात सेरुलोप्लाझ्मिनही होतं. चाळीसगावकरांना ही अडचण नवी वाटू नये. जवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाला दिलेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख आहे. त्याच्या जुन्या मराठीतल्या भागात बजावलं आहे की इथे जे मापायचं ते मठाच्याच मापाने मापावं. माप एक झालं म्हणजे वाद मिटतात. मापात काय भरलंय हा प्रश्न मात्र उरतोच.

तो प्रश्न महाराष्ट्रात फार क्रूरपणे पुढे आला होता. सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांचं यकृत निबर होऊन मुलं दगावत. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ म्हणून हा आजार जगभर ओळखला जाई. त्या यकृतात तांबं विल्सनच्या पेशंटइतकं, कधी त्याहून जास्त सापडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की यामागे पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं वरचं दूध असावं. कल्हई उडालेल्या पातेल्यातलं तांबं दुधात उतरतं, दुधातलं केसीन ते धरून ठेवतं, आणि लवकर अंगावरचं तोडून वरच्या दुधावर आलेल्या तान्ह्याच्या पोटात ते जातं. या मुलांचं सेरुलोप्लाझ्मिन कमी नव्हतं. नेहमीइतकं किंवा चढलेलं असे. वाहक प्रथिन शाबूत, त्यामुळे भरणी नीट चालू. रक्ताचा आकडा दिलासा देत होता आणि यकृत तांब्याने भरून गेलेलं. खरं चित्र दिसे ते यकृताचा तुकडा ऑर्सीनने रंगवल्यावर, तपकिरी कणांत. पितळ जाऊन स्टील आलं, आणि १९९० च्या दशकात हा आजार झपाट्याने ओसरला.

आकडा वर ढकलणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत : ताप, जंतुसंसर्ग, गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या. विल्सनच्या पेशंटचा आकडा त्यामुळे कधी २० च्या वर दिसतो. उलट तान्ह्या बाळाचा मुळातच कमी असतो, त्यावरून घाबरू नये. म्हणून २००१ पासून वापरात असलेल्या लाइपझिग गुणपद्धतीत हा आकडा एकटा निकाल देत नाही. १० च्या खाली २ गुण, १० ते २० ला १ गुण, आणि निदानाला एकूण ४ लागतात. बाकीचे डोळ्यातल्या कायझर-फ्लायशर कड्यातून, लघवीतल्या तांब्यातून, यकृताच्या तुकड्यातून, जनुकातून यायचे.

घरात एकाचं निदान पक्कं झालं की सख्ख्या भावंडांची तपासणी टाळू नये. दोन्ही आईबाप बिघडलेल्या जनुकाचे वाहक असल्याने प्रत्येक भावंडाला चारात एक एवढी शक्यता असते. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल असलेल्या घरात आईबाप दोघेही वाहक निघण्याचा संभव वाढतो. मुंबईत दस्तूर, मंघाणी आणि वाडिया यांनी १९६८ मध्ये १६ कुटुंबांचा अभ्यास छापला, तेव्हाच हा घराण्याचा धागा भारतातही दिसला होता. लक्षणं नसलेल्या भावंडाचा आकडा जेमतेम कमी असेल तर तो वाहक की पेशंट, हे त्यावरून सांगता येत नाही. अशा वेळी जनुकाची तपासणी होते, किंवा २४ तासांची लघवी गोळा करून त्यातलं तांबं, प्रत्यक्ष तांबंच, मोजतात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून. मधे घरातलं धातूचं कुठलंही भांडं वापरायचं नाही.